शुद्धिपत्राचा डावा रकाना

अश्विन लागला की बोईसरच्या हवेत दोन वासांची भांडाभांडी सुरू होते. एक कारखान्यांचा, बाराही महिने घशाशी खवखवणारा. दुसरा सुक्या बोंबलांचा, मुरबे-सातपाटीच्या बायकांच्या पाट्यांतून बाजारात शिरणारा. पावसाळाभर हा दुसरा वास मागे पडलेला असतो. मग एक दिवस ऊन असं तापतं की अंगाची लाही होते, आणि आई बाजारातून येऊन पिशवी ओट्यावर आपटत म्हणते, "आले बाई एकदाचे!" आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील इथल्या एका कारखान्यात लागले म्हणून इथे आलो. पूर्वी सुकी मासळी दिसली की नाकाला पदर लावणारी माझी आई आता बोंबील हातात धरून वाकवून बघते, कडकडीत आहेत की ओलसर यावरून कोळणीशी हुज्जत घालते. मला तिचं हसू येतं.

आज तिने पिशवी आपटली तेव्हा मी टेबलाशी बसून छापखान्याला एक मजकूर पाठवत होते. तळहाताएवढ्या चिठ्ठीचा मजकूर. माझ्या स्वतःच्या पुस्तकाचं शुद्धिपत्र. पुस्तक छापून झालं, बांधून झालं, चार लोकांनी कौतुकही करून झालं, आणि आता त्यातली चूक कबूल करणारा हा कागद प्रत्येक प्रतीत चिकटवायचा आहे. मजकूर जुळवून झाला की छापखान्यातून फोन येणार आहे. चूक काय झाली ते सांगते. पण ती नीट कळायची तर आधी एका जुन्या अश्विनात जावं लागेल. तसाही बोंबलांचा वास आला की मी तिथे जातेच.

तेव्हा मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते. नोकरीचा पत्ता नव्हता. रोज सकाळी पालघरला राऊत सरांच्या घरी जायचे. सर कॉलेजातले निवृत्त ग्रंथपाल. पालघरच्या आसपास, जुन्या छापखान्यांत, आजवर जी जी पुस्तकं छापली गेली त्यांची सूची करायची हा त्यांचा ध्यास. पुस्तक कुणी लिहिलं, कुणी छापलं, कुठे छापलं, पानं किती, आकार केवढा, कागद कसला, कुठलं पान गहाळ, हे सगळं पुस्तक हातात धरून लिहायचं. मी त्यांची मदतनीस. पगार म्हणजे दोन वेळचा चहा आणि येता-जाता बोलणी.

"वाचत नाहीस तर मग करतेस काय पुस्तकांचं?" वडील विचारायचे.

"बघते."

"म्हणजे पोस्टमार्टेम," ते म्हणायचे आणि शिफ्टची बस पकडायला निघून जायचे.

तसं ते खोटंही नव्हतं. पावसाळा संपला की सर आपली पुस्तकं हवेला काढत. गॅलरीत सतरंजी टाकायची, थेट ऊन लागणार नाही अशा बेताने पुस्तकं उभी करायची, पानं पंख्यासारखी मोकळी सोडायची. मी दाढीच्या जुन्या ब्रशने पानांच्या बेचक्यांतली धूळ झटकायची. कसर सापडली की सर शिवी दिल्यासारखे "अगं, बघ, बघ!" करत. ओलसर कागदाचा तो आंबूस वास, वर अश्विनातली ती भाजणारी झळ, आणि खालच्या रस्त्यावरून ओरडत जाणारी कोळीण. एकीकडे पुस्तकं वाळतायत, दुसरीकडे मासळी. दोघांचा दमटपणा याच दिवसांत जातो.

सरांचा एक नियम होता. पाहिलं ते लिहायचं, ऐकलं ते लिहायचं नाही. ज्याची खात्री नाही तिथे चौकटी कंस आणि प्रश्नचिन्ह. सूचीत असे कंस फार थोडे होते, आणि प्रत्येक कंस सरांना दातात अडकलेल्या काडीसारखा छळायचा. त्यातला एक कंस केळव्याच्या एका पुस्तकाचा होता. पानवेलीच्या लागवडीवरचं लहानसं पुस्तक, स्वातंत्र्याच्या आगेमागे छापलेलं. सरांनी ते एकदा घाईत पाहिलं होतं. पहिलं पान फाटलेलं, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, छापखाना नाही. सरांनी लिहून ठेवलं होतं: "[मुंबई?]". तेव्हा असली पुस्तकं बहुतेक मुंबईतच छापली जात. त्यांनी मला केळव्याला पाठवलं, पुन्हा एकदा नीट बघून ये म्हणून.

ज्या वाडीत ते पुस्तक होतं त्या वाडीचे मालक आता मुंबईच्या पाहुण्यांना खोल्या देतात. काका मोठे हौशी. जुना अडकित्ता, पितळी पानदान आणि ते पुस्तक असं सगळं त्यांनी काचेच्या कपाटात मांडलं होतं. "पाहुणे फोटो काढतात ना!" मी ओसरीवर बसून पुस्तक उघडलं. बाहेर पोफळी, आत पानवेलींचं पुस्तक, आणि समोरच्या खोलीतल्या पाहुण्यांचं बीचवर जायचं की आधी जेवायचं यावरून चाललेलं भांडण. मी पानं मोजली. सुताची शिवण पाहिली. मग ओळी वाचू लागले आणि वैतागले. किती चुका! "वेलास पानी फार देऊ नये." "नारलाच्या झावळ्यांची सावली करावी." एका जागी तर "अशा जमिनीत वेल उबा राहत नाय." बाकी भाषा अशी कडक इस्त्रीची, लेखक कुणी पंतोजी असावेत, आणि मधेच हे. शेवटी एक पिवळा कागद चिकटवलेला: शुद्धिपत्र. दोन रकाने. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. नाय, नाहीं. पानी, पाणी. नारल, नारळ. उबा, उभा. मी वहीत लिहिलं, "मुद्रण निकृष्ट," आणि घरी आले.

ते दोन शब्द मी किती सहज लिहिले होते! माझ्या घरात तरी दुसरं काय शिकवलं होतं? बोईसरच्या शाळेत पोरींबरोबर बोलून बोलून मी घरी "नाय" म्हणायला लागले, तेव्हा आईने चमचा हातात घेऊन मला उभं केलं होतं. "नाय काय? नाही म्हण. आपण का इथले आहोत?" मी "नाही" म्हटलं तेव्हाच वरण वाढलं. नंतर शाळेत एक "नाय" आणि घरात एक "नाही" असं माझं चालत आलं, आणि पुढे शाळेतलं कधी गळून गेलं ते कळलंही नाही.

पुढची गोष्ट आईमुळेच घडली. बाजारात तिची नेहमीची कोळीण म्हणजे मुरब्याची रंजना. भाव करता करता आईने माझी तक्रार केली असणार, कारण रंजना म्हणाली, "छापखाना? आमची सासू मनते तिचा बाबा छापखान्यात होता. पुस्तक केलान मनते. सगला गाव हसतो तिला." आईने घरी येऊन सांगितलं ते गंमत म्हणून. मी दुसऱ्या दिवशी मुरब्याची रिक्षा धरली.

मुरब्यात त्या दिवसांत चालायला वाट शोधावी लागते. जिकडे तिकडे बांबूचे मांडव, त्यांवर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर सोडतात. बायकांचे हात इतके भराभर चालतात की बघताना आपली नजर मागे पडते. वाऱ्याने सगळ्या ओळी एकदम हलतात. रंजनाची सासू हिराबाय मांडवाच्या सावलीत बसून जोड्या लावत होती. वाळकी, काळीसावळी, कपाळावर मोठ्ठं गोंदण, डोळ्यांत मोतीबिंदू. मी कोण, कशाला आले ते सांगितल्यावर तिने हात पुसले आणि मला आधी पाणी पुढे केलं.

"पानी घे, बाय. नारलाचा दिला असता, पन झाड उबा नाय राहिला मागच्या वादलात."

मी पेला तोंडाला लावला आणि तसाच थांबवला. पानी. नारल. उबा. नाय. केळव्याच्या त्या पुस्तकाच्या डाव्या रकान्यातले शब्द ही म्हातारी मला पाणी देता देता म्हणाली होती, आणि तिच्या तोंडी त्यांत एकही चूक नव्हती.   मी तिलाच बोलू दिलं.

हिराबायचा बाबा काशिनाथ हा तांडेलाचा मुलगा, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा. आणि त्याला दर्या लागायचा. "होडीत पाय ठेवला का ओकायला लागायचा. तांडेलाचा पोर आनि दर्यात ओकतो! गावान हसून हसून मारला त्याला." शेवटी बापाने त्याला पालघरच्या छापखान्यात नेऊन सोडलं. चार बुकं शिकला होता, अक्षर ओळखत होता. छपाईचे खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ती जुळवायचं काम मिळालं. "थितं खिले जुलवायचा. बोटं सारी काली. आय मनायची, भात खाऊ नको त्या हातान." मग एका पुस्तकानंतर मालकाने त्याला काढून टाकलं. का, ते त्याने घरी कधी सांगितलं नाही. पुढे जन्मभर जाळी विणली, दर्यात गेला नाही. "लोक मनतात झाडू मारायला होता. खिले जुलवायला कोली कशाला ठेवतील? मी मनते, माज्या बाबान पुस्तक जुलवला. कोन ऐकतंय, बाय? माजा नवरा पन मरेपरेन हसला."

तिने एक बोंबील उचलला, त्याच्या जबड्याला जोडी न लावता तसाच हातात धरून ठेवला. "तू शिकलेली हायस. तू बघ. झाडूवाला होता तर तसा सांग. पन बघ."

त्या एका गोष्टीवर तिचं सगळं आयुष्य अडकून राहिलं होतं. तिला पैसा नको होता, मान नको होता. आपला बाप खोटा नव्हता एवढंच तिला मरायच्या आधी कळायला हवं होतं.  "बघते, मावशी," म्हणून मी उठले.

राऊत सरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि एका फटक्यात माझं म्हणणं उडवून लावलं. "खिळे कमी पडले असतील. लहान छापखान्यात ळ आणि ण नेहमी कमी पडतो. मग जुळारी जवळचं अक्षर घालतो. त्यावरून तू एकदम मुरब्याला पोचलीस?" जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा. सरांचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच मला राग आला. मी केळव्याच्या काकांच्या हातापाया पडून दोन दिवसांसाठी ते पुस्तक मागून आणलं. ज्या ज्या पानावर "पानी" होतं त्या त्या पानावर ण शोधला. भरपूर होते. वेलीच्या "रोपण"मध्ये, "लक्षण"मध्ये, ठणठणीत. ळ तर "फळ", "मुळे", "सकाळी" सगळीकडे. अक्षरांचा तुटवडा नव्हता. आणि "नाहीं"चं "नाय" व्हायला कुठल्या अक्षराचा तुटवडा लागतो?

सरांनी ती पानं स्वतः उलटून पाहिली. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी पुढे कधी विसरले नाही. जुळारी ओळ वाचतो, ती तोंडात धरतो, आणि हाताने एकेक खिळा वेचतो. नजर खिळ्यांच्या खणांवर असते, मूळ कागदावर नसते. तेवढ्या वेळात ओळ त्याच्या तोंडात राहते. "दमलेला माणूस असेल," सर म्हणाले, "तर कागदावरची ओळ तोंडात जाताना लेखकाची असते आणि हातात येताना त्याची स्वतःची झालेली असते." असं म्हणून ते उठले आणि कपाटातून जुन्या हस्तपत्रकांची फाइल काढली. पालघरच्या त्या छापखान्यात छापलेली नाटकांची, जत्रांची, कीर्तनांची पत्रकं. भिंग घेऊन ते दुपारभर बसले. मी गॅलरीतली पुस्तकं उलटी-सुलटी करत होते, पण लक्ष सगळं आत. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्या दुपारी कळलं.

"ए, इकडे ये!" सरांचा आवाज चिरकला होता.

एका जत्रेच्या पत्रकात "श्री"चा खिळा उजवीकडे टवका उडालेला होता. पानवेलीच्या पुस्तकात एका प्रकरणाच्या डोक्यावर तोच "श्री", तोच टवका. सरांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि स्वतः चष्मा काढून डोळे पुसले. मग सूचीतलं ते "[मुंबई?]" त्यांनी एका रेघेने खोडलं आणि वर लिहिलं, "पालघर". कंसाशिवाय.

पण काशिनाथच्या नावाशी येऊन ते अडले. "छापखाना सिद्ध झाला. जुळारी इथल्या बोलीचा होता हेही मानतो. पण तो हाच काशिनाथ, हे आपण पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे."

"सर, तिचं बोलणं ऐकलं असतंत ना तुम्ही!"

"तेच म्हणतोय. ऐकलेलं."

मी चिडून काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "ऐकलेलं लिहायचंच असेल तर कुणाकडून ऐकलं ते लिहायचं. तिचं नाव लिही." आणि त्यांनी स्वतः टीप सांगितली: जुळारी काशिनाथ, राहणार मुरबे, कन्या हिराबाय हिच्या सांगण्यावरून, पुस्तकात "नाय", "पानी", "नारल", "उबा" अशा त्याच्या बोलीतल्या चुका आढळतात, त्यांनी यास पुष्टी मिळते. आपल्या सूचीत एवढी लांब टीप त्यांनी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाला लिहिलेली नाही.

पुस्तक परत देण्याआधी मी ते घेऊन मुरब्याला गेले. ऊन चढलेलं. मांडवांखाली सावलीच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि बोंबील आता पारदर्शक दिसायला लागले होते. मी हिराबायच्या शेजारी बसले आणि शेवटचा पिवळा कागद उघडला. म्हटलं, "मावशी, यात दोन रांगा आहेत. मी आधी डावीकडची वाचते."

"नाय," मी वाचलं. "पानी. नारल. उबा."

ती मान डोलवत होती. "बरोबर."

"आता उजवीकडची. नाही. पाणी. नारळ. उभा."

"हे कोनाचं?"

"हे मालकाने छापलेलं. शुद्ध म्हणून."

"आनि पयलं?"

"ते अशुद्ध म्हणून."

तिने तो कागद डोळ्यांशी नेला, बघून तिला दिसत काही नव्हतं तरी. मग तिने विचारलं, "बाबाची रांग कंची?" मी तिचं बोट धरून डाव्या रकान्यावर ठेवलं. ते खरखरीत, खाऱ्या पाण्याने चिरलेलं बोट तिने हळूहळू खाली नेलं. आणि ती रडली. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. "असाच बोलायचा," ती म्हणाली. "अगदी असाच. त्याचा आवाज हाय यात, बाय. माज्या बाबाला यापायी काडला?"

मला होय म्हणवेना. मी नुसती होकाराची मान हलवली.

मग तिने जे केलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तिने डोळे पुसले आणि पलीकडच्या मांडवाकडे तोंड करून खणखणीत हाक मारली. "अगो ए, या गो सगल्या! इकडे या!" हातातल्या जोड्या टाकून बायका आल्या. तिने मला सांगितलं, वाच. बाबाची रांग वाच. मी वाचली. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "अय्या, ये तर आपलंच बोलनं हाय! पुस्तकात कोनी घातलं?"

"माज्या बाबान," हिराबाय म्हणाली.

एक तिच्याच वयाची म्हातारी होती, दात पडलेली. ती पुढे आली, कागद नाकाशी धरला, वास घेतला, आणि म्हणाली, "झाडू मारनाऱ्याला असं कसं जमल, गो?" कुणी हसलं नाही. हिराबाय खाली बसली आणि पुन्हा जोड्या लावायला लागली. तिचे हात एरवीपेक्षा सावकाश चालत होते. रिक्षात बसल्यावर मी वहीतलं "मुद्रण निकृष्ट" खोडून टाकलं.

त्यानंतर सूचीचं काम बरीच वर्षं लांबलं. मला एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली. सरांचे डोळे गेले, मग सरच गेले. जाताना त्यांनी सगळे कागद माझ्या पदरात घातले. दर अश्विनात मी मुरब्याला जायचे, आणि दर अश्विनात हिराबाय विचारायची, "छापला का, बाय?" मी म्हणायचे, "होतंय, मावशी." ती म्हणायची, "मी हाय, कर सावकाश." गेल्या वैशाखात ती गेली. पुस्तक श्रावणात आलं.

पहिली प्रत मी मुरब्यालाच घेऊन गेले. मांडव नुकते उभे राहत होते, पहिल्या होड्यांचे बोंबील दोऱ्यांवर चढत होते. हिराबायच्या जागी रंजना बसली होती. तिने पदराने हात पुसून पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं. मी पान काढून दिलं. ती सातवी शिकलेली, बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. काशिनाथचं नाव आलं तेव्हा थांबली, सासूचं आलं तेव्हा पुन्हा थांबली, डोळ्यांना पदर लावला. मग पुढे वाचलं: "पुस्तकात 'नाही', 'पाणी', 'नारळ', 'उभा' अशा त्याच्या बोलीतल्या चुका आढळतात."

ती गोंधळली. तिने तीच ओळ परत वाचली. मग माझ्याकडे बघितलं. "ताई, हे तर सगलं बरोबर हाय. मग आजोबांनी चूक केली कंची?"

 मी पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं. शेवटचं प्रूफ मी स्वतः डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं, त्यात चारही शब्द जसेच्या तसे होते. तिथेच मांडवाखाली उभी राहून मी छापखान्याला फोन लावला. ऑपरेटर नम्र माणूस. "मॅडम, प्रूफ आल्यावर मी एकदा शब्द तपासून घेतले. कॉम्प्युटरने खाली लाल रेघा दाखवल्या होत्या. तुमच्याकडून राहिलं असेल म्हणून शुद्ध केलं." त्याने चांगल्या मनाने केलं होतं. रागवायचं कुणावर? एका मालकाने कागद चिकटवून काशिनाथला अशुद्ध ठरवलं होतं. आता माझ्या पुस्तकात तो पुसलाच गेला होता. त्याचं नाव राहिलं, पण ज्यावरून तो ओळखू यायचा तेच गेलं. उद्या कुणी विद्यार्थी ही टीप वाचेल आणि म्हणेल, या बाईंना शुद्धलेखन येत नव्हतं, किंवा कोळणीने काहीतरी सांगितलं आणि हिने लिहून टाकलं. पुन्हा झाडूवालाच.

रंजना माझ्याकडे बघत होती. "सासू नाय हे बरं झालं," ती हळूच म्हणाली. ते वाक्य मला अजून बोचतंय.

म्हणून हे शुद्धिपत्र. आईने आज आणलेले बोंबील ओट्यावर पसरलेत, वास घरभर झालाय. खळीचा डबा आणि ब्रश मी टेबलावर काढून ठेवलाय. मजकूर दोन रकान्यांचाच आहे, सरांच्या शिस्तीतला, वर पानाचा आणि ओळीचा आकडा. अशुद्ध: नाही, पाणी, नारळ, उभा. शुद्ध: नाय, पानी, नारल, उबा.  शाळेपासून आजवर असा कागद मी कधी लिहिला नव्हता.

फोन वाजला. छापखान्यातलाच.

"मॅडम, मजकूर जुळवला. पण एक विचारायचं होतं. तुमचे रकाने उलटे झालेत बहुतेक. शुद्धचं अशुद्धमध्ये गेलंय, आणि अशुद्धचं शुद्धमध्ये. बदलून घेऊ?"

आई ओट्याशी उभी होती. हातातला बोंबील तसाच धरून ती माझ्याकडे बघत होती.

"नाय," मी म्हणाले.